लडाखला निघालात? आधी मुक्कामांची उंची विचारा

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की दवाखान्यात दोन तऱ्हेचे प्रश्न सुरू होतात. एक उन्हाळ्याचा आणि दुसरा प्रवासाचा. पूर्वी प्रवासाचा प्रश्न म्हणजे काशी, चारधाम, फार तर काश्मीर. अलीकडे त्यात लडाखची भर पडली आहे. तालुक्याच्या गावांहूनही लडाखच्या सहली निघतात. निवृत्त शिक्षक, बँकेतली मंडळी, महिला मंडळे, नुकतीच लग्ने झालेली जोडपी, सगळेच जातात. जावेच. इतका सुंदर मुलूख आपल्याच देशात असताना तो का पाहू नये? पण येणारे म्हणतात ते एवढेच, "डॉक्टर, बीपीच्या गोळ्या दहा दिवसांच्या लिहून द्या." सहलीचे रंगीत पत्रक पिशवीतच राहते. ते डॉक्टरांना दाखवायची वस्तू आहे असे कोणाला वाटत नाही.

मी मात्र अलीकडे ते पत्रक आधी मागून घेतो. बहुतेकांचा नमुना एकच असतो. पहिला दिवस : दिल्लीमार्गे विमानाने लेह, दुपारी विश्रांती, संध्याकाळी शांतिस्तूप आणि बाजार. दुसरा दिवस : जगप्रसिद्ध खारदुंग ला ओलांडून नुब्रा. तिसरा दिवस : नुब्राहून पँगाँग सरोवर, काठावर तंबूत मुक्काम. चौथा दिवस : पुन्हा लेह. पाचव्या दिवशी परतीचे विमान. असा कार्यक्रम आखणाऱ्याने नकाशा नीट पाहिलेला असतो, पण त्या गाडीत बसणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे नसतो. घाटाची, दरडींची, थंडीची भीती सगळ्यांना वाटते. माझ्या मते या पत्रकातली सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे त्यातले दिवस कमी आहेत ही, आणि तिची भीती कोणालाच वाटत नाही.

उंचीचा थोडा अंदाज घेऊ. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फूट आहे. लेह शहर ११,५०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. पँगाँगचा काठ सुमारे १४,००० फूट. खारदुंग लाच्या खिंडीत वर्षानुवर्षे १८,३८० फुटांचा फलक मिरवला गेला. प्रत्यक्ष मोजणीत ती उंची १७,६०० फुटांच्या आसपास भरते. फलक थोडा फुगवलेला असला तरी आपल्या फुप्फुसांना त्याचा काही फायदा नाही.

वर गेल्यावर हवेतला प्राणवायू कमी होतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे हवेतले त्याचे प्रमाण तेच, शेकडा २१ राहते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात हवाच कमी येते. लेहमध्ये हा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, खारदुंग लावर जेमतेम निम्मा. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकून श्वासाला आणखी मोकळीक देतात. ही सगळी जुळवाजुळव व्हायला दिवस लागतात. विमान मात्र दिल्लीहून सव्वा-दीड तासात लेहला नेऊन सोडते.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. "मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो, मला काय होणार?" असे पुष्कळ जण छातीवर हात ठेवून सांगतात. चालण्याचे फायदे आहेतच, पण विरळ हवेचा त्रास व्यायाम करणाऱ्याला सोडून देतो असे मुळीच नाही. उलट व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले पहिल्याच दिवशी बॅगा उचलतात, जिने चढतात, आणि रात्री डोके धरून बसतात. सत्तरीचे आजोबा खोलीत पडून राहिल्यामुळे ठणठणीत असतात. कोणाला त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. फक्त ज्याला मागे एकदा असा त्रास झाला आहे त्याला पुन्हा होण्याचा संभव जास्त, एवढे नक्की.

या विषयातले पुष्कळसे ज्ञान आपल्याच देशात आणि मोठी किंमत मोजून मिळालेले आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी सखल भागातले जवान घाईघाईने हिमालयात चढवले गेले. शत्रूची गोळी न लागताही माणसे आजारी पडली, काही दगावली. त्या काळातल्या १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. तो आजही जगभरचे डॉक्टर वाचतात. आपल्या सैन्याने त्यातून नियमच घालून घेतला. साधारण ९,००० ते १२,००० फुटांवर पोचलेल्या जवानाने पहिले ६ दिवस तिथेच राहायचे. त्यातले पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, मग थोडे चालणे, मग चढण. त्यापुढे १५,००० फुटांपर्यंत जायचे तर आणखी ४ दिवस, आणि त्याहून वर जायचे तर पुन्हा ४ दिवस.

वाचकहो, हे ऐन पंचविशीतल्या, तपासून घेतलेल्या जवानासाठी आहे. आपल्या पत्रकात मात्र साठीच्या काकूंना लेहला उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी १७,६०० फुटांवर नेले जाते आणि तिसऱ्या रात्री १४,००० फुटांवर झोपवले जाते. प्रवासी कंपन्यांना विचारले तर त्या म्हणतात, "लोकच जास्त दिवस मागत नाहीत." यात तथ्य आहे. दोन जादा रात्रींचा खर्च आपल्याला जड वाटतो, आणि खोलीत नुसते पडून राहण्यासाठी पैसे देणे तर त्याहून जड. परत आल्यावर "किती पॉइंट पाहिले?" हाच हिशेब होतो. तरीही माझे मत असे की धंदा करणाऱ्याला उंचीची माहिती असते, गिऱ्हाइकाला नसते. म्हणून जबाबदारी आधी त्याची.

मग कार्यक्रम कसा असावा? डॉक्टर मंडळींचा ढोबळ नियम असा आहे : १०,००० फुटांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत दीड हजार फुटांहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावे. इथे मुक्कामाची उंची हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसा खिंड ओलांडून पुन्हा खाली झोपायला येणे शरीराला बरेच मानवते. उंचावर रात्र काढणे मानवत नाही, कारण झोपेत श्वास मंदावतो.

त्या दृष्टीने लेहला जाण्याच्या तीन वाटांपैकी मला श्रीनगरची वाट पसंत आहे. सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता. श्रीनगर ५,२०० फूट, सोनमर्ग ९,००० च्या आसपास, मग झोजी ला ओलांडून कारगिल पुन्हा ८,८०० फुटांवर. कारगिलहून लेहला जाताना वाटेत फोतू लाची १३,५०० फुटांची खिंड लागते, पण तिथे राहायचे नसते. एक रात्र सोनमर्गला आणि एक कारगिलला काढली की लेहला पोचेपर्यंत शरीराची निम्मी तयारी झालेली असते. देखावेही एकापेक्षा एक. हिरवी कुरणे संपून करडे, जांभळे, पिवळे डोंगर कधी सुरू झाले ते कळतही नाही. परत येताना विमान घ्यावे. फक्त लेहची विमाने हवा बिघडली की रद्द होतात, म्हणून दिल्लीच्या पुढच्या गाडीपूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा.

मनालीची वाट जास्त गाजलेली आहे, पण शरीराला ती कठीण. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा फेरा वाचला आणि लोक मनालीहून निघून त्याच दिवशी थेट सरचूला मुक्कामाला जाऊ लागले. मनाली ६,७०० फूट, सरचू १४,०००. एका दिवसात सात हजार फूट! त्यात सरचू दोन्ही बाजूंनी उंच खिंडींमध्ये अडकलेले. रात्री कोणाला त्रास झाला तर खाली नेण्यासाठी आधी वर चढवावे लागते. जायचेच असेल तर केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री थांबून, आणि सरचूला न झोपता पहाटे लवकर निघून लांबचा पल्ला मारावा. वृद्धांना आणि लहान मुलांना घेऊन या वाटेने वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट विमानाची. वेळ नसेल तर विमानाने जा, पण मग लेहचे पहिले दोन दिवस पूर्ण मोकळे हवेत. मोकळे म्हणजे संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. जेवावे, पडावे, हॉटेलच्या अंगणात बसून डोंगर पाहावेत.

तिसऱ्या दिवशी कुठे जायचे? इथे मला ज्या जागेची बाजू घ्यायची आहे ती आपल्या पत्रकांत एका ओळीत उरकलेली असते, किंवा नसतेच. लेहच्या दक्षिणेला, सिंधूच्या पलीकडे हेमिस राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. १९८१ साली ते स्थापन झाले. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे हे भारतातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान, आणि हिमबिबट्याचे माहेरघर. उन्हाळ्यात गाडीतून हिमबिबट्या दिसेल अशी आशा धरू नये, तो पाहायला लोक कडक थंडीत येतात. भरल नावाच्या निळसर करड्या जंगली मेंढ्या मात्र नशीब असेल तर कड्यावर दिसतात. लेहहून सिंधूच्या काठाने ठिकसे गोंपा, मग कारूहून वळून हेमिस गोंपा, असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा चांगला रस्ता आहे. दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला निम्मूला जावे. तिथे झंस्कार नदी सिंधूला मिळते, दोन रंगांची पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतात, आणि झंस्कारच्या काठाने चिलिंगकडे जाणारा रस्ता दोन्हीकडच्या उंच कड्यांमधून जातो. या सगळ्या फेरीत गाडी लेहच्या उंचीपासून फार वर चढत नाही. रात्री झोपायला पुन्हा लेह. म्हणजे डोळ्यांना नवे मिळते आणि शरीराला आणखी दोन रात्री. "हेमिसला काय आहे, एक मठच ना?" असे म्हणून लोक ते शेवटी ठेवतात आणि खारदुंग ला आधी उरकतात. नेमके याच्या उलट करावे.

त्यानंतर खारदुंग ला. फलकाशेजारी फोटो काढा, पंधरा-वीस मिनिटांत गाडीत बसा. पलीकडे नुब्रातले हुंदर १०,३०० फुटांवर, म्हणजे लेहहूनही खाली, त्यामुळे तिथे झोप चांगली लागते. पँगाँगला मात्र मी साठीच्या पुढच्या कोणालाच मुक्कामाचा सल्ला देत नाही. चांग लामार्गे एका दिवसात जाऊन यावे, दमणूक होते पण परवडते. तंबूतल्या चांदण्या रात्रीचे वर्णन सगळे करतात. मध्यरात्री त्रास झाला तर तिथून लेहला येण्यासाठी आधी चांग लाची साडेसतरा हजार फुटांची खिंड चढावी लागते, हे कोणी सांगत नाही.

आता लक्षणे. उंचावर पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते, झोप लागत नाही. आपली माणसे याला पित्त, प्रवासाचा शीण किंवा गाडी लागणे म्हणतात. माझे सांगणे असे की लेहमध्ये डोके दुखले की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीचेच समजा. त्या दिवशी पुढे वर जायचे नाही. साधी पॅरासिटामॉलची गोळी, पाणी आणि विश्रांती. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो.

पण तीन गोष्टी दिसल्या तर विश्रांतीवर विसंबू नये. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकला येणे, हे फुप्फुसात पाणी होत असल्याचे चिन्ह. हे बहुधा दुसऱ्या रात्रीपासून पुढे सुरू होते. चालताना तोल जाणे. सरळ रेषेत टाचेला टाच-बोट जुळवत दहा पावले चालायला सांगा, दारू प्यायल्यासारखी पावले पडली तर मेंदूला सूज येऊ लागली आहे असे समजा. आणि तिसरी, असंबद्ध बोलणे किंवा झोपेतून नीट जागे न होणे. अशा वेळी प्राणवायू मिळत असेल तर द्यावा, पण सकाळची वाट न पाहता माणसाला खाली उतरवायचे, तीन-चार हजार फूट तरी. आजारी माणूस लेहमध्येच असेल तर सरळ तिथले सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय गाठावे. तिथल्या डॉक्टरांना या आजाराचा जितका अनुभव आहे तितका आपल्या मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनाही नाही.

हे सगळे माहीत असूनही माणसे बोलत नाहीत, ही खरी अडचण. पंचवीस जणांची गाडी असते. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको" असे म्हणून बायका विशेषतः गप्प बसतात, आणि सूनबाई विचारेपर्यंत सासूबाई "काही नाही गं, जरा पित्त झालंय" म्हणत राहतात. रोज सकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाला नावाने विचारा : डोके दुखते का, काल जेवलात का, झोप लागली का. हे काम सहलीतल्या एका शहाण्या माणसाकडे निघतानाच सोपवून द्या. दुसरी अडचण शौचालयांची. वाटेत सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. कोरडी हवा आणि जलद श्वास यांनी शरीर आधीच सुकलेले असते. चालकाला दोन तासांनी गाडी थांबवायला लावा, त्यात संकोच कसला?

औषधांविषयी सर्वांत जास्त विचारले जाते. अॅसिटाझोलामाइड, बाजारातले नाव डायमॉक्स, हे उपयोगी आणि भरपूर अभ्यासलेले औषध आहे. चढण्याच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० ची अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ. विमानाने जाणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, पण ते घाबरण्यासारखे नाही. सल्फाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मनाने घेऊ नये. या गोळीने शरीराची जुळवणी लवकर होते, पण ती घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

कापराची पुरचुंडी हुंगण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. नाक मोकळे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. कोकाच्या होमिओपॅथिक गोळ्यांचेही तसेच, त्यांनी हा त्रास टळतो याला पुरावा नाही. खिंडीत विकत मिळणारा प्राणवायूचा हलका डबा काही मिनिटांत संपतो. त्याच्या भरवशावर आजारी माणसाला वर थांबवून ठेवणे घातक. करोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे यंत्र आले आहे. लेहला उतरल्यावर त्यात ८८ किंवा ९० दिसले म्हणून घाबरू नये. तिथे नव्याने आलेल्या पुष्कळांचे तेवढेच असते. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस पूर्ण बंद, कारण दोन्ही श्वास मंद करतात. खोली गरम करण्यासाठी कोळशाची शेगडी बंद दारांआड ठेवून कधीही झोपू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

कोणी जाऊ नये? अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेले, जिना चढताना छातीत दुखणारे, हृदय कमजोर असलेले, दम्याने किंवा जुन्या फुप्फुसविकाराने घरातही धाप लागणारे, आणि गर्भवती स्त्रिया. नियंत्रणात असलेला रक्तदाब आणि मधुमेह घेऊन जाता येते, गोळ्या बंद करू नयेत. मात्र जेवण कमी आणि मधुमेहाची गोळी तेवढीच, असे झाले की साखर एकदम खाली जाते. इन्शुलिन गोठले की वाया जाते, ते आतल्या खिशात ठेवावे. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक खास सूचना : घरात सिकलसेल असेल तर निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने इतक्या उंचीवर जाऊच नये. नुसता वाहक असलेला, एरवी अगदी निरोगी माणूससुद्धा उंचावर पोटाच्या डाव्या बाजूच्या तीव्र दुखण्याने आजारी पडू शकतो, कारण पाणथरीचा रक्तपुरवठा तुटतो. दुखले की खाली उतरायचे, आणि डॉक्टरांना आपण वाहक आहोत हे सांगायचे.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी पत्रकावर पेन्सिलीने प्रत्येक रात्रीच्या गावापुढे त्याची उंची लिहून काढा. उंची माहीत नसेल तर प्रवासी कंपनीला विचारा. सोबत प्राणवायूचे मोठे नळकांडे आहे का, रात्री माणूस खाली न्यायला गाडी आणि चालक मोकळा असेल का, आणि एखाद्याला लेहमध्येच मागे थांबावे लागले तर त्याच्याजवळ कोण राहील, हेही त्याच वेळी विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "बघू तेव्हाचे तेव्हा" असे आले तर दुसरी कंपनी शोधा.